तात्या, त्या उभ्या काडीला काय म्हणायचं?

तात्या,

तुमच्या दहाव्याला संगमावर मला चार शब्द बोलायला उभं केलं आणि मी नेमका तुमचा नावडता शब्द वापरला. नुसता वापरला नाही, त्यावर विनोदही केला. आता दुकानात बसतो, जळालेल्या मोटारी येतात, त्यांच्यात नवी तार भरतो, पण मधेच ते आठवतं आणि समोर कोणी नसतानाही मान खाली जाते.

तुमच्या उसाबद्दल, कारखान्याबद्दल, गावकीतल्या तुमच्या शब्दाच्या वजनाबद्दल त्या दिवशी सगळे बोलले. माझ्याकडे तसं काही नाही. माझ्याकडे जे आहे ते सगळं एका बांबूच्या काडीभोवतीचं आहे.

आपली ओळख मोटारीमुळे झाली. भीमेवरची तुमची मोटर इंदापुरात भरून घेऊनही टिकेना, म्हणून तुम्ही ती एसटीच्या टपावर टाकून बारामतीला माझ्याकडे आणलीत. दुकानात आढ्याला माझा मोठा पतंग, वावडी, टांगलेली होती. तुम्ही मोटर खाली ठेवलीत, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलंत आणि वर बघत म्हणालात, "शेपूट आखूड हाय. गिरक्या खाईल."

मी म्हणालो, "मोटारीला काय झालंय?"

"ती जळलीया, तिला काय व्हायचंय आता? ही वावडी कुणी केली ते सांगा."

मग दुपारपर्यंत तुम्ही बाकावर बसलात. आपल्याकडे संक्रांतीला आभाळ मोकळं असतं. आपला पतंग नागपंचमीचा, आषाढापासून सुटलेल्या वाऱ्यावरचा, आणि त्यातही खरी मजा वावडीची. माणसाएवढा पतंग, कागद खळीनं चिकटवलेला, जुन्या लुगड्याची शेपटी, आणि ओढ अशी की दोरीनं तळहात सोलून निघावा. तुमचे वडील मेंढरांमागं कोकणात उतरायचे ते परत आले की माळावर वावडी करायचे, हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलंत. पुढं मेंढरं गेली, पाणी आलं, ऊस आला, पण वावडी राहिली. माझ्या घरात असलं काही नव्हतं. मला नाद लागला तो असाच, शाळेच्या पोरांत. तरी तुम्ही मला बरोबरीनं वागवलंत. वयानं इतके मोठे असून कायम 'दिलीपराव' म्हणालात.

तुमच्यामुळेच बारामतीची आणि इंदापूरची वावडीवाली माणसं एकत्र आली. तोवर तुमचे तुम्ही उडवत होतात, आमचे आम्ही. एकत्र स्पर्धा घ्यायची ठरली आणि पहिल्याच वर्षी भांडण झालं. कारण काय, तर नियम असा होता की वर चढण्याआधी कामटी मोडली तर दुसरी वावडी घेता येईल. आमच्या बारामतीच्या एका गड्याची वाकवलेली काडी मोडली. तो म्हणाला, "कामटी मोडली, दुसरी घेतो." इंदापूरची माणसं म्हणाली, "ती कामटी न्हाय, ती कमान. कामटी म्हंजे उभी." आमच्याकडे बांबूची कुठलीही चिरलेली काडी म्हणजे कामटी, आणि मधल्या उभ्या काडीला आम्ही म्हणायचो दांडी. तुम्ही म्हणालात, "दांडी शाळेला मारत्यात." सगळे हसले, पण स्पर्धा अर्ध्यावर मोडली.

त्यावर तोडगा काढायला माझ्या दुकानात बैठक बसली. आमचे शिंदे सर, हायस्कुलात मराठी शिकवतात, ते म्हणाले की दोन्ही गावांचा शब्द नको. वाकवलेली ती कमान, त्यावर कुणाचं भांडण नाही. उभ्या काडीला आपण 'कणा' म्हणू. ऐकल्याबरोबर सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पतंग पालथा धरला तर ती काडी पाठीच्या कण्यासारखीच दिसते की.

एकटे तुम्ही म्हणालात, "कणा नगं."

"का?"

"बांबूला कुठला कणा? हाडं असत्यात का त्याला?"

शिंदे सर म्हणाले, "तात्या, भाषेत असं चालतं. सुईला नाक असतं, नारळाला डोळे असतात."

"असू द्यात. कामटी म्हणा. न्हायतर तुमची दांडी म्हणा. दांडीला माझी ना न्हाय."

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, तात्या. ज्या शब्दाची तुम्ही भर मैदानात टिंगल केली होती तो तुम्ही एका दमात मान्य करायला निघाला होतात. पण मला वाटलं, हा माणूस आता नुसता हट्टाला पेटलाय. मी म्हणालो, "मी माझ्या गावचा शब्द सोडला. तुम्हाला काय जड जातंय?" हात वर झाले, तुमचा झाला नाही, आणि 'कणा' ठरला.

पुढं कित्येक वर्षं आपण हाच वाद घातला. मोटर घेऊन आलात की, स्टँडवर चहा पिताना, ऊस कारखान्याला घालून परत जाताना वाट वाकडी करून दुकानात डोकावलात की. तुम्ही दर वेळी नवं कारण आणायचात. एकदा म्हणालात, "माझा बाप कामटी म्हणायचा, मी काय बापापेक्षा शाना झालो?" एकदा माझ्या हातातल्या मोटारीकडे बोट दाखवून म्हणालात, "ह्या शाफ्टला का न्हाय कणा म्हणत मग? त्यो बी मधीच हाय की." मी त्याला सडेतोड उत्तर दिलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. काय दिलं ते आज आठवत नाही. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू आठवतं. हरलेल्या माणसाचं ते हसू नव्हतं.

माझी बायको दवाखान्यात होती ते दिवस मी विसरलो नाही. ऑपरेशन चाललं होतं, मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि तुम्ही आलात. कुणाकडून कळलं तुम्हाला ते अजून मला माहीत नाही. शेजारी बसलात, आजाराचं एका शब्दानं विचारलं नाहीत. थोड्या वेळानं म्हणालात, "दिलीपराव, तुमचा त्यो कणा मला काय पटला न्हाय बगा." आणि सुरू झालात. मी आधी चिडलो, मग उत्तरं द्यायला लागलो, मग त्यातच गुंतलो. नर्स बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणाली तेव्हा आपण दोघं पतंगाला पाठ कुठली आणि पोट कुठलं यावर बोलत होतो. त्या दिवशी त्या बाकावर मला दुसरं कुणीही तेवढं सावरू शकलं नसतं. पण तो शब्द तोंडात घेताना तुम्हाला काय होत असेल, हे आता कळल्यावर त्या आठवणीकडे मला नीट बघता येत नाही.

आता मैदानावरच्या त्या दिवसाचं सांगतो. ते टाळून चालणार नाही.

त्या वर्षी स्पर्धा इंदापूरला होती. माईक माझ्याकडे आणि तपासणी शिंदे सरांकडे. उडवायच्या आधी प्रत्येक वावडी उभी धरायची, सर बघणार, काडी सरळ असेल तर पुढं, नसेल तर बाद. तुमची वावडी धरायला तुमची लेक शालन होती. ती दर वर्षी यायची. घरी कागद कापणं, खळ शिजवणं, चिकटवणं सगळं तिचं, आणि मैदानात लांब त्या टोकाला वावडी डोक्यावर धरून उभं राहायचं कामही तिचंच. तिची पाठ लहानपणापासून वाकलेली, एक खांदा खाली. पण दोन्ही हात वर करून ती वावडी अशी सोडायची की तुमच्या दोरीला पहिलाच हिसका नेमका बसायचा. आमच्या बारामतीच्या पोरांना ते कधी जमलं नाही. मी तिला कितीदा पाहिलं होतं, तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. तिची पाठ मला माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. माझ्या लेखी ती पाठ आणि तो शब्द यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता, एवढंच.

पावसाळी हवेनं तुमच्या काडीला बाक आला होता. सरांनी हातानं बादची खूण केली आणि मला गंमत सुचली. इतक्या वर्षांचा वाद, तात्यांनाच पकडलं आता. मी माईकवर म्हणालो, "तात्यांना कणा शब्द चालत नाही, त्याचं कारण आज कळलं मंडळी. त्यांचा कणाच वाकडा आहे. कणा वाकडा, वावडी बाद."

मैदान हसलं. पोरांनी ते वाक्य उचललं आणि ओरडत सुटली. तुम्ही दोरी खाली टाकलीत, सबंध मैदान चालत त्या टोकाला गेलात, शालनच्या हातातून वावडी काढून घेतलीत आणि तिला ट्रॅक्टरवर बसवून निघून गेलात. भांडला नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाहीत. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "तात्यांना बाद झालेलं सोसलं नाही."

पुढच्या वर्षी तुम्ही आलात. एकटेच. "पोरगी कुठाय?" असं मी विचारलं तर म्हणालात, "तिला डेअरीचं काम असतं." वावडी धरायला शेजारच्या शेतातला गडी आणला होता. त्याला ते जमलं नाही, तुमची वावडी दोनदा जमिनीवर आपटली. त्यानंतर तुम्ही कधी जिंकला नाहीत, आणि मी तेही तुमच्या वयावर घातलं.

तुम्ही गेल्याचं शेजारच्या एसटीडीवाल्यानं येऊन सांगितलं. इंदापूरहून फोन होता. सकाळी उसाला पाणी धरायला गेलात आणि बांधावर बसलात ते बसलातच. मी मिळेल त्या गाडीनं निघालो, तरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून दहाव्याला मी आदल्या दिवशीच आलो. नरसिंहपुरात मुक्काम केला, सकाळी संगमावर उतरलो. माणूस खूप होतं. विधी झाले, भाषणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, बारामतीचे दिलीपराव पतंग मंडळातर्फे दोन शब्द बोलतील.

मी तयारी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, "तात्या आमच्या मंडळाचा कणा होते." आणि ते बोलताच मला आपला वाद आठवला आणि रडू नये म्हणून मी हसलो. म्हणालो, "हा शब्द त्यांना आवडायचा नाही. आज पहिल्यांदा ते हरकत घेणार नाहीत." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मला वाटलं, चांगलं बोललो. मग बायकांच्या बाजूला नजर गेली. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. शालन त्यांच्या शेजारी होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

तुमच्या घरी जेवणं झाल्यावर मी निघायला उठलो तर ती चहा घेऊन आली. ओट्यावर मी एकटाच होतो. कप माझ्या हातात देऊन ती समोरच टेकली.

"काका, एक इचारू? तुमाला खरंच कधी कळलं न्हाय?"

"काय?"

"आबांना त्यो शब्द का नगं हुता ते."

मी म्हणालो, "हट्टी होते तात्या." हे मी तिच्यासमोर, तुमच्या ओट्यावर, दहाव्याच्या दिवशी म्हणालो.

ती रागावली नाही. शांतपणे सांगितलं तिनं. लहानपणी तिच्या पाठीत दुखणं निघालं, गावात वर्षभर औषधं झाली, मग तुम्ही तिला पुण्याला नेलंत. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, आणायला उशीर केला, कणा वाकडा झालाय, आता तो सरळ होणार नाही. तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलात. तिला तुम्ही रडताना एवढंच एकदा आठवतंय. तिथून परत आल्यापासून तुमच्या घरात कणा हा शब्द कुणी काढला नाही. कणा नाही आणि वाकडाही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर कलंडलं तरी तुम्ही 'तिरकं झालंय' म्हणायचात. वहिनींच्या तोंडून एकदा चुकून गेलं तर तुम्ही जेवणावरून उठला होतात.

मी कप खाली ठेवला. मैदानावरचं माझं वाक्य मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. मी म्हणालो, "शालन, त्या दिवशी माईकवर मी..."

"त्याचं मला काय न्हाय," ती म्हणाली. "तुमी वावडीचं बोलत हुता, मला कळत हुतं. मी बी हसले हुते. माझी पाठ मला ठाव हाय की. पण आबांनी मला हसताना बगितलं, आणि त्यांना वाटलं मी रडू दाबतीया. त्या दिवसापास्नं मला मैदानात नेलं न्हाय. मी किती म्हणलं, आबा, मला येऊ द्या. न्हाय म्हंजे न्हाय. घरात बसून कागद चिकटव म्हणले."

मग म्हणाली, "वावडी सोडताना हाताला जो हिसका बसतो न्हवं काका, तसलं दुसरं काय नव्हतं मला. त्ये तेवढं गेलं."

तात्या, मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कशाची, तुमाला ठाव नव्हतं." हेच तर मला सोसत नाही. मला ठाऊक नव्हतं. तुमची लेक डोळ्यांसमोर उभी होती, तुम्ही वर्षानुवर्षं माझ्यापुढं कारणं रचत होतात, ती कारणं किती लंगडी आहेत हे मीच तुम्हाला दाखवून देत होतो, आणि खरं कारण काय असेल असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. वाद जिंकण्यात मी इतका गुंग होतो. आणि तुम्ही तरी एकदा का नाही सांगितलंत? स्टँडवर चहा पिताना, कोणी नसताना? मी लगेच ऐकलं असतं. पण सांगायचं तर तोच शब्द तोंडी घ्यावा लागला असता, आणि तोही काडीसाठी नाही, तिच्या पाठीसाठी. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही माझ्यासाठी तो घेतलात. तिच्यासाठी तुमच्यानं होत नव्हतं. हे मला आता कळतं, आणि ते कळून माझी मान आणखीच खाली जाते.

परत आल्यावर मी बैठक बोलावली. नागपंचमी जवळ आली होतीच. मी म्हणालो, "आजपासून उभ्या काडीला कामटी म्हणायचं."

शिंदे सरांनी चष्मा काढला. "का? इतक्या वर्षांनी?"

मी खरं सांगितलं नाही. वाटलं, तुम्ही जे झाकलंत ते मी कशाला उघडं करू. म्हणालो, "बांबूला कुठला कणा?"

सर म्हणाले, "दिलीपराव, तुम्ही तात्यांचंच बोलताय." कुणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाचा मान म्हणून करायचं असेल तर तसं सांगा, उगाच कारणं नकोत. मी आणखी एक कारण दिलं, मग आणखी एक. सर एकेक खोडत गेले. खरं कारण मनात धरून बसायचं आणि खोटी कारणं देत हसतमुखानं हरायचं हे किती अवघड आहे ते मला पहिल्यांदा कळलं. तुम्ही ते कसं निभावलंत, तात्या? शेवटी माझा हट्ट म्हणून त्यांनी मान्य केलं.

मी खुशीत होतो. तुमचं काहीतरी फेडलं असं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी एसटी धरून तुमच्या गावी गेलो. शालन डेअरीवर होती, दूध घालायला आलेल्यांची रांग होती, ती नमुन्याच्या बाटल्या लावत होती. रांग संपेपर्यंत मी थांबलो आणि तिला सांगितलं, "तुझ्या आबांचा शब्द मी मंजूर करून आणला. आता मैदानात तो दुसरा शब्द कुणी काढणार नाही."

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"कुणाला इचारून केलं?"

"तुझ्यासाठीच..."

"आबांनी जन्मभर हेच केलं," ती म्हणाली. "माझ्यासाठी. शब्द लपवला, मैदान बंद केलं, परकं पावणं आलं की मला आतल्या खोलीत बसवलं. माझ्यावर जीव हुता, मला कळतं. पण आमच्या घरात माझ्या पाठीवर कुणी बोलतच न्हाय म्हणल्यावर मी तरी कुणाशी बोलायचं? दुखली तरी सांगायची चोरी. आबा गेले त्याचं दुःख मला हाय काका. पण मनात म्हणलं हुतं, आता तरी बोलता येईल. तर तुमी सुरू केलं."

एक म्हातारा उशिरा किटली घेऊन आला. तिनं त्याचं दूध मोजलं, नमुना घेतला, त्याला चिठ्ठी दिली. तो गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "शब्द कुठलाबी ठेवा. मला इचारू नका. मला बगून शब्द ठरवायला लागला तर मी परत त्याच खोलीत बसले."

"मग मी काय करू?"

तिनं जरा विचार केला. "तुमाला लिवता येतं न्हवं? आबांवर लिवा. सगळं लिवा. माझं नाव घालून लिवा, पाठीचं बी लिवा. फकस्त बिचारी म्हणू नका. आणि त्ये मैदानात माईकवर वाचा."

"सगळ्यांसमोर?"

"व्हय. सगळ्यांसमोर. आणि वावडी मी धरणार हाय."

वहिनींना विचारायला हवं असं मी म्हणालो. ती म्हणाली, आईला मी विचारलंय. घरी गेलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तिचं ऐका, भाऊ. आमी कधी ऐकलं न्हाय." एवढं बोलून आत गेल्या.

म्हणून हे लिहिलं, तात्या. बिचारी कुठं म्हटलेलं नाही, पुन्हा वाचून खात्री केली. शिंदे सरांना काल वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि जाताना एवढंच म्हणाले की स्पर्धेत तपासणी यंदा दुसऱ्या कुणाला द्या. मी त्यांना सांगितलं की तपासणी तुम्हीच करायची, आणि नेहमीसारखी कडक करायची, नाहीतर शालन आपल्याला सोडणार नाही.

मला तुमची भीती वाटते. जे तुम्ही जन्मभर झाकून ठेवलंत ते मी भर मैदानात, तुमच्या लेकीसमोर, तुमच्या गावच्या माणसांसमोर वाचणार आहे, आणि तेही त्याच माईकवर. तुम्ही असता तर मला वाचू दिलं नसतंत. तुमचं चुकलं असं म्हणायची माझी लायकी नाही. तिला कुणी बोट लावू नये म्हणून तुम्ही माझ्यासारख्याचं कितीतरी ऐकून घेतलंत, चारचौघांत अडाणी ठरलात, हट्टी ठरलात. पण यात तुमची बाजू घेऊ की तिची, असं मी स्वतःला विचारलं आणि तिची घेतली. राग आला तर तो माझ्यावर धरा, तिच्यावर नको.

वाचून झालं की मी माईक सरांच्या हातात देणार आहे. वावडी तिनं केली आहे, दोरी मी धरणार आहे. ती मैदानाच्या त्या टोकाला उभी राहील. कधी सोडायचं ते तिनं ठरवायचं, मी फक्त तिच्या हाताकडे बघत थांबणार आहे.